दुसऱ्या टप्प्यातले फाटक

सोसायटीने मागितले होते फाटक. मार्च संपता संपता टेम्पोतून उतरला तो भोंगा.

भोंगा चांगला दणकट होता. तो उतरवायला टेम्पोवाला, वॉचमन खंडू आणि नाक्यावरचा इस्त्रीवाला असे सगळे लागले. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश सावंत ऑफिसातून नुकतेच परतले होते. त्यांनी भोंग्याकडे पाहिले, टेम्पोत डोकावले, टेम्पो रिकामा आहे याची खात्री केली आणि सोबत आलेल्या धम्मपाल ओव्हाळांना विचारले,

"ओव्हाळसाहेब, फाटक कुठाय?"

ओव्हाळ वॉर्ड ऑफिसच्या आपत्ती कक्षाचे काम बघत. डेंग्यू, धोकादायक झाडे आणि भटकी कुत्रीही त्यांच्याचकडे होती. तीही एक प्रकारची आपत्तीच, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. त्यामुळे ओव्हाळांच्या चेहऱ्यावर कायम नुकतेच कुठून तरी धावत आल्याचा भाव असे.

"फाटक दुसऱ्या टप्प्यात," ते म्हणाले. "पहिल्या टप्प्यात फक्त उपकरणं. फाटक हे बांधकाम झालं ना, साहेब."

"पण आम्ही अर्ज फाटकाचा केला होता."

"अर्ज एकदम बरोबर आहे तुमचा. निधी वेगळा आहे."

फाटकाची गोष्ट अशी होती. घाटकोपरच्या पूर्वेकडच्या या सोसायटीसमोर एक अरुंद रस्ता, आणि रस्त्यापलीकडे मालगाड्यांची लाइन. ट्रॉम्बेच्या बाजूने येणारे टँकरचे डबे सिग्नल मिळेपर्यंत तिथे उभे राहत. कुणावर ज्वाळेचे चित्र, कुणावर कवटीचे. सावंतांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ज्वाळा दिसे. कवटी पाहायला जरा वाकावे लागे. सोसायटीच्या मागे भिंत होती आणि भिंतीपलीकडे मोकळी, ऐसपैस बाग. बाहेर पडायचे एकच गेट, तेही समोर. म्हणजे टँकर गळला तर पळायची वाट थेट टँकरकडे जात होती.

गेल्या वर्षी एक टँकर खरोखरच गळला. वास सुटला, सगळे ओरडत खाली धावले. सावंतांचे वडील धोंडिराम गुडघ्यांमुळे जिना उतरू शकत नव्हते. सावंत आणि त्यांची पत्नी रुक्मिणी यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून कसेबसे गेटपर्यंत नेले, आणि तिथे गेल्यावर कळले की आता धोंडिराम आणि गळणारा टँकर समोरासमोर आहेत. त्या दिवशी पुढे काही झाले नाही. पण सावंतांच्या मनात ती खुर्ची तिथेच राहिली. मागच्या भिंतीवर त्यांनी स्वतः खडूने फाटकाएवढा चौकोन आखला आणि अर्ज करायला सुरुवात केली.

"दुसरा टप्पा मिळतो कसा?" सावंतांनी विचारले.

"भोंगा बसवायचा. मग मॉक ड्रिल होणार. ड्रिल पास झालं की दुसरा टप्पा," ओव्हाळ म्हणाले आणि एका कुत्र्याच्या तक्रारीसाठी निघून गेले.

भोंगा गच्चीवर बसला आणि भांडण सुरू झाले. निधीत भोंग्याची खरेदी होती, भोंग्याची वीज नव्हती.

"गॅस कंपनीचा, गाडी रेल्वेची, भोंगा वॉर्डाचा, आणि बिल आमचं?" खजिनदार अनुपमाताईंनी सभेत विचारले. त्या बँकेत होत्या आणि कुठल्याही खर्चाकडे बुडीत कर्जाकडे बघावे तशा बघत. "सावंतभाऊ, रोज वाजवायचा म्हणे?"

"रोज एकदा टेस्ट करायचा. नाहीतर गॅरंटी जाते. गॅरंटी गेली की ड्रिल नाही. ड्रिल नाही तर फाटक नाही."

"रोज वाजवायचा तो कधी?"

सकाळी मुलांच्या ऑनलाइन परीक्षा होत्या. दुपारी म्हातारी माणसे झोपत. संध्याकाळी मालिका. मधल्या वेळात एका घरी पोपट होता आणि तो दचकत असे. सभा कुठलाही निर्णय न घेता वडापाव खाऊन संपली.

घरी येऊन सावंत पंख्याखाली बसले. धोंडिरामांनी खाटेवरून विचारले, "काय झाला रे?"

"काय होणार? भोंगा कुणालाच नकोय."

"कसो होयो होतलो?" धोंडिरामांची सगळी नोकरी गिरणीत गेली होती आणि भोंग्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात शेवटचा असे. "आमच्या गिरणीचो भोंगो वाजलो की माणसा धावत सुटत. कित्याक? पगार कापतले म्हणान. तुझो भोंगो वाजलो तर माणसांक काय गावतला? भोंग्याक काम व्हया, चंद्या. बिनकामाचो भोंगो कोण आयकता?"

"मामंजी म्हणतात ते खरं आहे," आतून रुक्मिणीचा आवाज आला. "त्यापेक्षा पाणी आलं की वाजवा म्हणावं त्याला. आज पण मी दळणाला गेले आणि पाणी येऊन गेलं."

सोसायटीत पाणी संध्याकाळी येई, पण कुठल्या संध्याकाळी किती वाजता ते फक्त चावीवाल्याला ठाऊक. तो पलीकडच्या गल्लीत जमिनीत लोखंडी दांडा घालून चावी फिरवी. पाणी आले की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "आलं!" असे ओरडे आणि वरच्या मजल्यावर ते पोचेपर्यंत दाब गेलेला असे.

पुढच्या सभेत सावंतांनी मांडले की, टेस्टिंग रोज व्हायलाच हवे, तर ते पाणी आल्यावर करू. मग अनुपमाताई म्हणाल्या, "आधी बोलायचंत ना, सावंतभाऊ! असं असेल तर वीजबिल पाण्याच्या खात्यात टाकते मी."

आणि भोंगा लोकप्रिय झाला. खालच्या नळाला पाणी आले की खंडू बटण दाबी, आणि सगळी सोसायटी हातातले काम टाकून नळाकडे धावे. लोक बाजारातून धावत, जिमच्या ट्रेडमिलवरून उतरत. शेजारच्या दोन सोसायट्याही याच भोंग्यावर पाणी भरू लागल्या. त्यांनी दिवाळीला खंडूला मिठाई दिली. पोपट भोंग्याचा हुबेहूब आवाज काढू लागला तेव्हा त्या घराला सोसायटीने नोटीस काढली. टँकर समोर येत राहिले आणि जात राहिले. त्यांच्याकडे बघायला आता कुणाला वेळ नव्हता.

सावंतांना हे कळत नव्हते असे नाही. पण गॅरंटी शाबूत होती. मागच्या भिंतीवरचा खडू पावसात धुऊन गेला की ते पुन्हा आखत.

शेवटी ड्रिलची तारीख आली. ओव्हाळ आदल्या आठवड्यात येऊन सांगून गेले, "सगळे आधीच आवारात हजर. नाकाला ओला रुमाल. भोंगा झाला की शिस्तीत मागच्या भिंतीपाशी जायचं. मोठे साहेब येणार आहेत, रेल्वेचे येणार आहेत आणि प्रशिक्षण संस्थेच्या दीप्ती मॅडम मार्क देणार आहेत. सावंतसाहेब, प्लीज हां. माझ्या मागे डेंग्यू पण आहे."

सावंतांनी व्हॉट्सॲपवर लिहिले, फलकावर लिहिले, दारोदार जाऊन सांगितले.

"उद्या सकाळी भोंगा वाजला तर तो पाण्याचा नाही. गॅसचा. कळलं ना?"

"हो हो," लोक म्हणाले. "मग पाण्याचा कधी?"

"पाण्याचा संध्याकाळी."

"दोन्ही सारखेच वाजणार?"

"एकच बटण आहे, साहेब," खंडूने खुलासा केला.

ड्रिलच्या सकाळी सगळे वेळेवर खाली आले. अनुपमाताईंनी तर नव्या पिवळ्या टोप्या वाटल्या. ओळी लागल्या, रुमाल ओले झाले. साहेब आले, रेल्वेचे आले, दीप्ती मॅडम आल्या. सावंतांनी दूर भिंतीकडे पाहिले. खडूचा चौकोन उन्हात छान दिसत होता. त्यांनी खंडूला खूण केली.

भोंगा वाजला.

क्षणभर कुणीच हलले नाही. मग ओळीच्या टोकाला कुणाचा तरी पाय हलला. कुणीतरी म्हणाले, "आलं वाटतं." आणि पिवळ्या टोप्यांची ती अख्खी ओळ वळली आणि जिन्याने वर धावत सुटली.

"अहो, थांबा! गॅस आहे! गॅस!" सावंत ओरडले.

"कळतंय हो!" अनुपमाताई दोन-दोन पायऱ्या चढत म्हणाल्या. "पण आलंच असेल तर?"

समोरच्या रस्त्यावरून शेजारच्या सोसायटीतले लोक मागेपुढे न बघता आपापल्या घरी पळाले. दारे धडाधड लागली. नळ उघडले गेले, ड्रम सरकले. आवारात साहेब, रेल्वेचे अधिकारी, दीप्ती मॅडम, ओव्हाळ, खंडू आणि सावंत एवढेच उरले. सावंतांच्या हातात ओला रुमाल होता. त्यांनी तो डोळ्यांना लावला.

"सावंतसाहेब," ओव्हाळ हळूच म्हणाले, "वाट लागली ना?"

तेवढ्यात वरून एकच जल्लोष झाला. नळांना खरोखरच पाणी आले होते, तेही भर सकाळी, पूर्ण दाबाने. खंडू पळत गल्लीत जाऊन आला आणि सावंतांच्या कानाशी लागला, "साहेब, चावीवाला बोलतो, भोंगा ऐकला. त्याला वाटलं त्यालाच उशीर झाला. दिली फिरवून."

मोठे साहेब दीप्ती मॅडमकडे बघत होते. दीप्ती मॅडम वर बंद खिडक्यांकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "विलक्षण!"

"सॉरी मॅडम," सावंत म्हणाले.

"सॉरी काय? परवा दुसऱ्या एका वस्तीत भोंगा झाला तर लोक रस्त्यावर येऊन व्हिडिओ काढत उभे राहिले. इथे रस्त्यावर एक माणूस नाही! सगळे घरात, दारं-खिडक्या बंद, पाण्याचा साठा सुरू. गॅसगळतीत नेमकं हेच करायचं असतं. आम्ही शिकवून शिकवून थकलो. तुम्ही हे बसवलंत कसं?"

सावंतांनी ओव्हाळांकडे पाहिले. ओव्हाळांनी मान इतकी बारीक हलवली की ती फक्त सावंतांना दिसावी.

"रोजचा सराव आहे, मॅडम," सावंत म्हणाले.

सोसायटी पहिली आली. अहवालात तिचा फोटो छापला, त्यात फक्त बंद खिडक्या होत्या. दुसरा टप्पा मंजूर झाल्याचे पत्र घेऊन ओव्हाळ स्वतः आले. येताना मात्र त्यांनी पेढे आणले नाहीत, तेव्हाच सावंतांना शंका यायला हवी होती.

"फाटक कधी सुरू करायचं?" सावंतांनी विचारले.

ओव्हाळ घोटभर पाणी प्यायले. "साहेब, मॅडमनी लिहिलंय, इथले नागरिक आपत्तीत बाहेर पडतच नाहीत. त्यामुळे फाटकाची गरज नाही. पाणी साठवण्याकडे त्यांचा कल आहे, त्याला प्रोत्साहन द्यावं. तर टाकी मंजूर झालीये. मोठी, सिमेंटची."

"कुठे?"

"मागच्या भिंतीला लागून. तिथे कुणीतरी आधीच खडूने आखून ठेवलेलं दिसलं मोठ्या साहेबांना. म्हणाले, काय तयारी आहे लोकांची!"

सावंत सभेत उभे राहून म्हणाले की, आपल्याला टाकी नको, फाटक हवे. सोसायटीने त्यांचे म्हणणे अत्यंत आदराने ऐकून घेतले आणि टाकीच्या उद्घाटनाला त्यांनाच शाल-श्रीफळ दिले. "सावंतभाऊंनी सोसायटीचा पाणीप्रश्न सोडवला," अनुपमाताई भाषणात म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला. खुर्चीत बसवून खाली आणलेले धोंडिराम टाकीकडे बघत होते. त्यांनी मुलाला खुणेने जवळ बोलावले.

"टाकी बरी आसा," ते म्हणाले. "पण आता माका खयसून नेतलस?"

नारळ जड होता, तो सावंतांनी या हातातून त्या हातात घेतला.

टाकीचा पंप तिसऱ्या टप्प्यात होता, त्यामुळे भोंगा आणि बादल्या चालूच राहिल्या. मग एका रविवारी, जेवणे उरकल्यावर, भोंगा वाजला.

सावंत ताडकन उठले. ही पाण्याची वेळ नव्हती. त्यांनी खिडकीतून पाहिले. समोर टँकर उभा होता. ते वाकले, कवटीही होती. त्यांनी खंडूला फोन लावला, तो लागेना. खोलीत धोंडिराम उठून बसले होते.

"पाणी की ग्यास?" त्यांनी विचारले.

"अहो, बघत काय उभे? बादली लावा!" रुक्मिणी ड्रमचे झाकण काढत म्हणाली.

सावंतांनी विचार केला. आता पाणी आले तर भोंगा पाण्याचा. नाही आले तर गॅसचा. त्यांनी बादली नळाखाली ठेवली आणि नळ सोडला. नळ आधी फुसफुसला, खोकला आणि मग पाणी धो धो सुरू झाले.

"पाणीच!" रुक्मिणी म्हणाली.

"पाणी," धोंडिराम म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

सावंतांनीही सुटकेचा श्वास सोडला. तो अर्धा सुटला असेल नसेल, तोच त्यांना चावीवाला आठवला. भोंगा कशासाठीही वाजो, तो चावी फिरवणारच होता. त्यांनी अडकलेला श्वास परत आत घेतला, जरा जास्तच खोल, आणि हवा हुंगून पाहिली. तळलेल्या बांगड्याचा वास येत होता. त्याच्या मागे आणखी एक कसला तरी.

त्यांनी भिंतीशी ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून घेतली. मग बादलीकडे पाहिले. ती भरत आली होती, म्हणून आधी ती भरू दिली.