सांपागितेच्या पांच डाहाळ्यांची मोहीम

सकळ कुंड्यांचे, डबड्यांचे व फुटक्या बादल्यांचे धनी यांणीं ध्यानीं घ्यावें जे, पूर्वसमुद्रींच्या बेटांवर, लगुना प्रांतीं, तळ्याकांठीं, चर्चामागील गल्लींत जो बांका प्रसंग गुदरला, त्याची हकीकत ज्यांणीं कुंपणाआडून डोळां देखिली त्यांचे तोंडून ऐकोन, तिखटमीठ उचित तेवढेंच लावून लिहिली असे. अधिकउणें जाहल्यास दोष शेजाऱ्यांचा, लेखकाचा नव्हे.

त्या गल्लींत आलिंग देमेत्रिया म्हणोन थोर बाई, वय अडुसष्ट, बेचाळीस डबड्यांचे मुलखावर अंमल चालवीत असत. आलिंग हा तिकडे वडीलधाऱ्या बायकांचा किताब. त्यांचे यजमान क्रिस्पुलो यांणीं दारीं सांपागिता, म्हणजे आपला मोगरा, स्वहस्तें लाविला होता. यजमान मोठे घुमे, जन्मांत दोन गोड शब्द बोलले नाहीत, परंतु दर रविवारीं ओंजळभर कळ्या बाईंचे उशाशी ठेवीत. मग यजमान स्वर्गवासी जाहले, आणि त्याच झाडाचा हार रविवारीं त्यांचे तसबिरीस पडूं लागला. ऐसीं पांच वर्षें गेलीं, आणि यंदा तुफान आलें, आणि पाणी नऊ दिवस दारांतून हटेना, आणि मूळ कुजोन झाड गेलें. बाईंनी नवरा गेला तेव्हां जेवढा आकांत केला त्याहून अंमळ जास्तच केला.

आतां त्या झाडाचा वंश पृथ्वीवर एकेच ठिकाणीं उरला होता, तें ठिकाण शत्रूचें.

त्या मुलखाचा कायदा ऐसा कीं, बीं मागोन आणावें, तें उगवतें. डाहाळी मागोन आणिली तर मरते. डाहाळी चोरावी लागते. आणि ज्याची चोरी होते त्यानें पाठ फिरवून देखिलें न देखिलें करावें, आणि चोरानें आभार मानूं नयेत, आभाराचा शब्द निघतांच मूळ सडतें. समोरील घरच्या आलिंग पासिता, देमेत्रियाबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण, यांणीं पांच वर्षांमागें याच कायद्यानें एक डाहाळी नेली. परंतु यजमानांस जाऊन महिना जाहला नव्हता, दुःख ताजें, देमेत्रियाबाईंस कायद्याचें भान राहिलें नाही. चर्चाचे पायरीवर, अवघ्या गांवासमक्ष, त्यांणीं तोफ डागिली.

"चोर! माझ्या नवऱ्याचं झाड ओरबाडतेस? लाज नाही वाटत?"

ते दिवसापासोन बोलणें बंद. आणि चोरलेली डाहाळी पासिताबाईंचे उंच अंगणांत, जेथें पुराचें पाणी चढलें नाही, पुरुषभर वाढली.

मग देमेत्रियाबाईंनी कन्या रोसेंदा इजसीं मसलत केली. मोगरा बीं धरीत नाही, सबब तो मार्ग बंद. कन्येनें बाजारांतून रोप आणावें ऐसा सल्ला दिला.

"बाजारात तुझे बाबा विकायला ठेवलेत का?"

"मग सरळ जाऊन माग ना आई! खाणार आहे का ती तुला?"

"मागितलं तर झाड मरेल. आणि झाड नाही मेलं तर मी मरेन!"

सबब छाप्याचा निश्चय जाहला. दुपारीं दोनाचे सुमारास, गल्ली निजलेली पाहून, मासळी कापण्याची कात्री, ओला फडका, आणि उन्हाकरितां छत्री घेऊन बाईंनी कूच केलें, आणि बारा पावलांची मजल मारून शत्रूचे मुलखांत शिरल्या, आणि एका जाड फांदीस कात्री लाविली, इतक्यांत दार करकरलें आणि पासिताबाई खुद्द बादली घेऊन बाहेर आल्या! आणीबाणीची वेळ. देमेत्रियाबाई झुडुपाआड दबून बसल्या. परंतु छत्री उघडीच राहिली, आणि ती लाल होती, आणि झुडुपाबाहेर हातभर दिसत होती.

पासिताबाईंनी छत्रीस क्षणभर न्याहाळिलें. मग पाठ फिरविली, आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढून तेच पुन्हा वाळत घालूं लागल्या, आणि कोंबडीस उद्देशून मोठ्यानें फर्माविलें,

"अगं ए भवाने! त्या जून लाकडात काय चोच मारतेस? कोवळी घे, गाठीखाली तिरकी काप!"

कोंबडी पायरीखालीं घोरत होती. झुडुपाआड कात्री वाजली.

"एक घेऊन काय होणार? पाच घे. तीन मरतातच." आणि थोड्या वेळानें, हळू, "उठताना जपून गं. गुडघा दुखतो ना तुझा?"

देमेत्रियाबाई डोळे पुशीत स्वस्थळीं दाखल जाहल्या. मग खालचीं पानें खुडून, डाहाळ्या नारळपाण्यांत बुडवून, आइस्क्रीमचे रिकामे डब्यांत वाळू व तुसाची राख भरून त्या रोविल्या, आणि वर कापलेल्या बाटल्यांचे घुमट चढविले, आणि हुकूम सोडिला कीं घरांत कोणीं आभाराचा शब्द काढूं नये. जेवणापूर्वीं देवाचे आभार मानावयाचे तेही रोसेंदा गल्लींत जाऊन मानून येई. पहिले आठवड्यांत एक डाहाळी पडली, दुसऱ्यांत दोन. बाईंस अन्न गोड लागेना. चोविसावे दिवशीं उरल्या दोहोंस पोपटी पान फुटलें.

पुढें सात कळ्या आल्या, आणि आंगठीएवढा हार तसबिरीस पडला, आणि बाई तेथेंच बसोन पोटभर रडल्या. परंतु आभाराचा एक शब्द बोलावयाचा राहिला होता, आणि तो काढावा तर झाड जाईल. मग रविवारीं प्रार्थना सुटतांच बाई त्याच पायरीवर उभ्या राहिल्या.

"ऐका सगळे! पासिताचा मोगरा मी चोरला! भरदुपारी, पाच फांद्या! चोर मी आहे!"

पासिताबाईंनी रुमालानें नाक पुसलें.

"कधी? मला बाई काहीच दिसलं नाही. तेवढी छत्री मात्र बदल, मैलावरून दिसते."

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. शके, तिथी कोणास स्मरत नाही, परंतु पुढें दुसऱ्या पावसाळीं देमेत्रियाबाईंचे एका रोपाचा शेंडा कोणीं कापून नेला, हेंही दफ्तरीं नमूद असावें. बाई ते समयीं अंगणांतच होत्या, भिंतीकडे तोंड करून, कोंबडीसीं बोलत.