टिकटिकीची घाई

"शीळफाट्यापासून शहाडपर्यंत माझ्या नजरेतून सुटलेला एक तरी गुन्हा दाखवा!" वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात शिरताच डिटेक्टिव्ह देवेश भोईरने जाहीर केलं. मागून त्याची मामेबहीण आणि बिनपगारी असिस्टंट कल्पिता आली. सुटलेले त्याला दिसणार तरी कसे, हे तिने मनातच ठेवलं.

गाळा हेमाचा. अर्धांगवायूतून सावरणाऱ्यांना तालावर पाऊल टाकता यावं म्हणून ती टिकटिकी नावाचं छोटं यंत्र बनवायची. सेकंदाला एक टिक, टिकेला एक पाऊल. संध्याकाळी चाळीस टिकटिक्या इस्पितळात जायच्या होत्या. त्यातली पहिली हेमाच्या वडिलांसाठी, काळुरामांसाठी होती. पण चाळीसच्या चाळीस सेकंदाला दहादा कडकडत होत्या, म्हणून हेमाने देवेशला बोलावलं होतं.

"हेमा, मना चालाचंय गो, पलाचं नाय!" काळुराम खुर्चीतून ओरडले. आठ महिन्यांनी आज ते चालायला तयार झाले होते, आणि हेमाचा चेहरा रडवेला झाला होता.

"घातपात!" देवेश म्हणाला. "प्रतिस्पर्धी कंपनी!"

"दादा, इथे दुसरं कुणी हे बनवतच नाही."

"मग वीज. वागळेची वीज फार जोरात असते."

"सेलवर चालतं ते."

देवेशने सेल गंभीरपणे हुंगला.

कल्पिताने वैतागून टिकटिकीच्या सर्किटचा नकाशा पुढे ओढला. रेझिस्टर म्हणजे नळ, कपॅसिटर म्हणजे बादली. बादली भरून रिकामी झाली की एक टिक. तिने टायमरच्या चिपचं ठरलेलं सूत्र मांडलं: एका रेझिस्टरच्या एक किलोओहममध्ये दुसऱ्याच्या अडुसष्टची दुप्पट मिळवली, कपॅसिटरच्या दहा मायक्रोफॅरडने गुणलं, त्याने १.४४ ला भागलं. उत्तर जवळजवळ एक. सेकंदाला एक टिक.

"म्हणजे गणित निर्दोष, सोडा त्याला!" देवेश वळला. "उरले काळुरामबाबा. यांना चालायचंच नाही!"

काळुरामांनी काठी उचलली. चालायला नव्हे.

तेवढ्यात जोडणीकाम करणाऱ्या सखुबाई चष्मा लावून कपॅसिटर निरखू लागल्या. "अगं हेमा, यावर एक लिहिलंय. दहा नाही."

"पण खण दहाचा आहे ना!"

"खण दहाचाच. पुडी एकाची आलेली. काल चष्मा विसरलेले मी, न बघताच ओतली."

बादली दहापट लहान, म्हणून टिका दहापट. फळीवरची दहाची जुनी पुडी निघाली. तिघींनी जेवण सोडून चाळीस कपॅसिटर बदलले.

टिक. काळुराम उठले. टिक. डावा पाय जरा ओढत आला. हेमाने हात पुढे केला, त्यांनी घेतला नाही. टिक. टिक.

दारात देवेश फोनवर कुणाला तरी सांगत होता, "माझा संशय पहिल्यापासून बादलीवरच होता."

"बाजूला हो रं," काळुराम म्हणाले, आणि टिकेबरोबर उंबरा ओलांडला.