बद्रीनाथचं हवाबंद घर

"आता वाऱ्याला माझ्या घरात यायचं असंल, तर त्यानं कडी वाजवून यावं!"

वाटूर फाट्यावर बद्रीनाथ हे दिवसातून पाच वेळा तरी ऐकवायचा. आणि खरं सांगायचं, तर त्याला तसं म्हणायचा हक्कच होता.

बद्रीनाथ ट्रॅक्टरचा मिस्तरी. पुढं गॅरेज, मागं दोन खोल्यांचं घर. घर नवं, पण सुतारानं लाकूड ओलं वापरलेलं. दारं-खिडक्या वाळून अशा आक्रसल्या, की फटीतून मांजर नाही तरी मांजराची शेपटी आरामात आत यावी! त्यात त्याच्या बायकोला, साळूबाईला, दमा. दिवाळी सरली की गार वारा आणि ट्रकांची धूळ हातात हात घालून फटींतून शिरायची, आणि ती बिचारी भिंतीला पाठ लावून बसून राहायची. चिंध्या कोंबून झाल्या, पोती टांगून झाली. शेवटी शहाण्णव सालच्या थंडीत बद्रीनाथची नजर गॅरेजातल्या फाटक्या ट्यूबांच्या ढिगावर गेली.

त्यानं ट्यूबांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, पंक्चरच्या सोल्युशननं चौकटींना चिकटवल्या, वरून बारीक चुका ठोकल्या. दार लावलं की पट्टी दबायची आणि फट गायब! मागचं दार तर त्यानं हिवाळाभरासाठी चारी बाजूंनी चिकटवूनच टाकलं.

आणि गुण आला! साळूबाई आडवी होऊन झोपायला लागली. शेजारणीला म्हणाली, "बाई, पंधरा वर्षांत पहिल्यांदा हिवाळ्यात सपान पडलं मला! आधी जागीच राहायचे, मंग सपान पडणार कसं?"

ही कीर्ती काकासाहेबांच्या कानावर गेली. काकासाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार. नवा बंगला, बारा दारं, वीस खिडक्या! त्यांनी निरोप धाडला, "दुपारी काम बघायला येतो. पसंत पडलं तर बंगल्याचं तुझ्याकडंच."

बद्रीनाथ हरखला. एवढा मोठा माणूस येणार, दारं कशी चकाचक दिसली पाहिजेत! सकाळीच त्यानं दारा-खिडक्यांना हिरवा ऑइलपेंट फासला. दुपारी बोट लावून पाहिलं. बोटाला रंग लागला नाही. "वाळला!" म्हणाला. वरून वाळला होता. आतून अजून ओलाच होता.

काकासाहेब आले. सोबत त्यांची मेंढरं सांभाळणारा धुळाजी. बद्रीनाथनं दोघांना आत घेतलं, खिडक्या गच्च लावल्या, दार दाबून बंद केलं आणि कडी घातली. मग उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवून चौकटीपाशी धरला.

"बघा! धूर हलून राह्यला का?"

"बिलकुल न्हाई!" काकासाहेब थक्क झाले. "मिस्तरी, मानलं तुला! चल, आता बाहेर जाऊन हिशेबाचं बोलू."

बद्रीनाथनं कडी काढली आणि दार ओढलं. दार ढिम्म! पुन्हा ओढलं. ट्यूबचं रबर आणि ओला रंग एकमेकांना असे बिलगले होते, जणू जत्रेत हरवलेले भाऊ! काकासाहेबांनी बाह्या सरसावल्या. "सरक, मी बघतो." त्यांनी कडी धरून असा हिसका दिला, की कडी स्क्रूंसकट हातात आली आणि ते थेट मागं बसलेल्या धुळाजीच्या मांडीवर!

खिडक्याही तशाच चिकटलेल्या. काच फोडली तरी बाहेरून गज. धूर मात्र मजेत घरभर फिरत होता. त्यालाही जायला वाट नव्हती ना!

साळूबाई अंगणातल्या चुलीवर पाहुण्यांसाठी धपाटे लावत होती. शेजारची पिठाची गिरणी अशी धडधडत होती, की घरातली हाक तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. बद्रीनाथनं काचेआडून दोन्ही हातांनी खूण केली : ढकल, ढकल! तिला वाटलं, 'तिकडंच थांब, बोलणं चालू हाय.' तिनं मान डोलावली.

तो ओरडला, "दार! दार!"

तिला ओठ दिसले, शब्द नाही. तिनं चार बोटं दाखवून विचारलं, चार? वैतागलेल्या बद्रीनाथनं जोरजोरात मान हलवली, काहीतरी तर कळलं म्हणून. साळूबाईनं चार कप चहा ठेवला! नंतर म्हणाली, "माणसं तीन, मला वाटलं काकासाहेब दोन पीत असतील."

"मालक," धुळाजी खोकत म्हणाला, "हितली हवा संपली तर हो?"

"गप! जास्ती बोलू नको. हवा लागती बोलायला!"

साळूबाई चहा घेऊन दारापाशी आली. दार ढकललं, उघडेना. आतून कडी लावून बसलेत असं समजून ती चिडली. तेवढ्यात लाईट गेली! गिरणी गप झाली, आणि त्या शांततेत काकासाहेबांचा आवाज अख्ख्या फाट्यानं ऐकला :

"वहिनी, दार उघडा हो! चहा नको!"

पाच मिनिटांत गर्दी. गिरणीवाला रखमाजी पहार घेऊन धावला. "सरका! चौकटच उपटतो!"

साळूबाई दाराला पाठ लावून उभी राहिली. आत दाराला कान लावलेल्या बद्रीनाथला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"पहार लावायची न्हाई! ह्या कामानं महिनाभर निवांत झोपले मी. एकबी पट्टी फाटायला न्हाई पाहिजे!"

"मंग काढणार कसं?"

"धपाटं तव्याला चिकटलं तर तवा फोडत्यात का?"

तिनं उलथनं आणलं, गोड्या तेलात बुडवलं आणि चौकटीच्या कडेनं अलगद सारायला सुरुवात केली. थोडं सारायची, थोडं तेल सोडायची. कोपऱ्यावर उलथनं आडवं. सगळी गर्दी श्वास रोखून बघत होती. शेवटचा कोपरा सुटला आणि दार सोड्याच्या बाटलीसारखं फट्टकन उघडलं! आधी धूर बाहेर आला, मागून धुळाजी, मग काकासाहेब, आणि सगळ्यात शेवटी डोळे लालभडक झालेला बद्रीनाथ.

एकही पट्टी फाटली नव्हती. बद्रीनाथनं पट्ट्यांवरून हात फिरवला आणि बायकोकडं असं पाहिलं, जसं त्यानं आजवर फक्त नव्या इंजिनाकडं पाहिलं होतं.

"टायरात ट्यूब घालताना चिकटू नये म्हणून पावडर मारता ना?" साळूबाई हळूच म्हणाली. "मंग हितं का न्हाई मारली?"

मिस्तरीनं गॅरेजातून पावडरचा डबा आणून दारापाशी ठेवला.

काकासाहेब ओट्यावर बसले. लागोपाठ दोन कप चहा प्याले. दम परत आल्यावर म्हणाले, "मिस्तरी, काम एकदम पक्कं! असं काम जिल्ह्यात न्हाई. उद्याच बंगल्यावर ये."

बद्रीनाथची छाती फुगली. "बारा दारं, वीस खिडक्या, बराबर ना मालक?"

"न्हाई, न्हाई. फक्त धान्याच्या कोठीचं दार कर," काकासाहेब म्हणाले. "ज्वारीला बाहेर यायची घाई नसती."