परब सिस्टर

वासुदेव परब कुणालाही भेटला की आधी जीभ बाहेर काढायला सांगायचा. रामराम वगैरे नंतर. आमच्या लालबागच्या खोलीत गावाहून नवा माणूस आला, की त्यानं ट्रंक खाली ठेवायच्या आत परब समोर हजर. "जीभ दाखय. पोट साफ झाला काय रे?" बोटीच्या प्रवासानं अर्धा झालेला तो माणूस मुकाट जीभ काढायचा. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यानं जीभ काढायला लावली. उमेदवारानं काढली. मतं पाहिजे होती ना.

परब परळच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय होता. चांगल्या पिळदार मिशा असलेला बाप्या, पण अख्खी खोली त्याला 'सिस्टर' म्हणायची. हे नाव कुणी ठेवलं? आता लपवून काय करू, मीच ठेवलं. मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला आणि खोलीतला सगळ्यात तोंडाळ इसम. पंचाईत अशी, की परबला त्याचा राग यायचा नाही. 'सिस्टर' म्हटलं की तो खुशाल 'ओ' द्यायचा, उलट जरा खूश व्हायचा. तो निवृत्त होईपर्यंत वॉर्डबॉयच राहिला. त्याला कारण मी, आणि तेवढं सांगायचं म्हणूनच आज लिहायला बसलोय.

त्याचं एक दैवत होतं. आमच्या भिंतीवर देव एका ओळीत टांगलेले, आणि त्या ओळीच्या टोकाला एक गोरी बाई, डोक्याला रुमाल, हातात कंदील. इस्पितळातली एक म्हातारी नर्स नोकरी सोडताना त्याला ते चित्र देऊन गेली होती. जुन्या काळची विलायतेतली नर्स. लढाईतल्या जखमी शिपायांची सेवा केली आणि नर्स म्हणजे काय ते जगाला शिकवलं. परब तिला नुसतं 'बाई' म्हणायचा. "बाईन सांगून ठेवलेला आसा," हे त्याचं पालुपद. मी खोलीत नवा होतो तेव्हा सहा महिने समजत होतो, की बाई म्हणजे याची गावाकडची बायको, आणि बायको भलतीच कडक दिसतेय. त्याचं लग्नच झालं नव्हतं.

बाईच्या कंदिलाचं मात्र त्याला कौतुक नव्हतं. "कंदील कोण पण धरीत. बाईन आधी गटारा साफ करून घेतल्यान," असं म्हणायचा. त्यामुळे मजल्यावरची सगळ्यांची मोरी रोज सकाळी तो स्वतः घासायचा, आणि घासताना घाण करणाऱ्यांचा नावानिशी उद्धार करायचा. खिडकी बंद दिसली की झालंच. थंडीत उघडी, गिरणीचा धूर सरळ आत येत असला तरी उघडी. बाईच्या नावावर तो काय वाट्टेल ते खपवायचा. सुकटीवर पाणी पिऊ नये, हेही म्हणे बाईनं सांगितलं होतं. मी विचारलं, "सिस्टर, बाईनं सुकट कधी खाल्ली होती काय?"

"खाल्ल्यान नाय, म्हणान तर इतकी वर्षा जगली," परब म्हणाला.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. पाळी सुटली की आम्ही मोर्चाला. एका दुपारी फाउंटनच्या बाजूला गोळीबार झाला आणि मी पळालो. सगळेच पळाले, पण खरं सांगायचं तर मी जरा आधी पळालो. एका कुंपणावरून उडी मारताना लोखंडी गजाचं टोक पोटरीत घुसलं आणि वीतभर फाडत गेलं. कसाबसा खोलीवर पोचलो. कुणीतरी विचारलं, "गोळी लागली काय रे?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसते डोळे मिटले. तेवढ्यावर माझी गोळी कायम झाली.

इस्पितळात गेलो तर पोलीस नाव लिहून घेतील, अशी भीती होती. म्हणून परबनं जखम आपल्याकडे घेतली. सगळ्यांना बाहेर हाकललं, पाणी उकळलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि वाकून बराच वेळ पोटरीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गोळयेक गंज नसता, सावंता."

मी म्हटलं, "कुणाला बोलू नको."

"रोग्याची गोष्ट रोग्यापाशीच रवता," तो म्हणाला. या वेळी त्यानं बाईचं नाव घेतलं नाही.

ओळखीच्या कंपाउंडरला आणून त्यानं मला धनुर्वाताची सुई टोचवली. पुढचे तीन आठवडे कामावर जायच्या आधी आणि आल्यावर जखम धुतली, पट्टी बदलली. मला ताप होता, उठता येत नव्हतं. त्यानं भांडं दिलं, अंग पुसलं, मोसंबी सोलून एकेक फोड तोंडात घातली. आईनंतर इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. आणि मला लाज कशाची वाटावी, तर त्याचीच. दोस्त भेटायला आले की मी ऐटीत म्हणायचो, "जा रे सिस्टर, चहा सांगून ये." तो जायचा. पाय वाचला तो त्याच्यामुळे.

मी चालायला लागलो आणि इस्पितळात ड्रेसरची एक जागा निघाली. ड्रेसर म्हणजे मलमपट्टी करणारा. बारा वर्षं भांडी उचलून परबनं सगळं नुसतं बघून शिकलेलं. कुणी करू दिलं नव्हतं. पुरुषाला नर्स करत नाहीत असं त्याला कुणीतरी सांगितलेलं, तेव्हा ड्रेसर हीच त्याची शेवटची पायरी. त्यानं वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना धीर करून सांगितलं, की मी घरी एक मोठी जखम बरी केलीय. त्या म्हणाल्या, रोगी दाखवा, मग मी साहेबांशी बोलते.

त्याच आठवड्यात आमच्या मंडळानं मोर्चातल्या जखमींचा सत्कार ठेवला. परब माझ्याजवळ येऊन बसला. "सावंता, मोठ्या सिस्टरांका घेऊन येतंय. थय माजा नाव घेशीत मां? मगे तेंका पाय दाखय. गोळयेचा मी काय बोलूचंय नाय."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, एवढं तरी माझं खरं माना.

संध्याकाळी मैदानात माणसंच माणसं. आम्ही पाच जण खुर्च्यांवर. माझ्या शेजारच्याला खरीच गोळी लागली होती, त्याचा हात कायमचा लुळा पडला होता. दुसऱ्या रांगेत परब. इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि बाजूला मोठ्या सिस्टर. माझ्या गळ्यात हार पडला, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं, "सावंत, गोळी कुणी काढली?"

परब खुर्चीत जरा पुढं सरकला. मला दिसलं ते. पण त्याचं नाव घेतलं की मोठ्या सिस्टर पाय बघणार, आणि गोळी कुठली नि गज कुठला हे वॉर्डातल्या नर्सला कळणार नाही होय? मग उद्या अख्ख्या लालबागला कळणार. खोलीतले बाकी सगळे पाळीवर, खोटं पाडायला परबखेरीज कुणी नव्हतं. शेजारचा तो लुळा हात माझ्या खुर्चीला टेकलेला. मी म्हटलं, "गिरगावचे एक डॉक्टर आहेत. नाव सांगू नका म्हणालेत."

टाळ्या पडल्या. परबही वाजवत होता.

इतका नीच मी आयुष्यात पुन्हा कधी झालो नाही. खाली उतरून गर्दीतून सटकायला बघत होतो, तर नेमका त्या दोघांच्या समोर आलो. मोठ्या सिस्टरनी माझ्या लंगडण्याकडे बघितलं आणि विचारलं, "परब, तुम्ही सांगत होता तो रोगी हाच ना?"

परबनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांच्याकडे वळून, इस्पितळात बोलायचा तशा शुद्ध मराठीत म्हणाला, "नाही, सिस्टर. तो दुसरा. तो आज आला नाही."