वामनभाऊंनी पास केलेला एक्स-रे

आमचे शेजारी वामनभाऊ लग्नपत्रिका आली की आधी उजेडात धरतात. लग्न कुणाचं ते नंतर बघतात. कागद कारखान्यात त्यांनी जन्मभर हेच केलं. ताव उचलायचा, उजेडात धरायचा, डाग-भोक शोधायचं आणि "पास" नाहीतर "रिजेक्ट" म्हणायचं. निवृत्त होऊन आमच्या शनवारा मोहल्ल्यात राहायला आले, तरी सवय गेली नाही.

आमची गल्लीही तशीच. कुणी एक्स-रे काढला की डॉक्टरच्या आधी भाऊंकडे. भाऊ उन्हाकडे तोंड करतात, एक डोळा मिटतात आणि निकाल देतात. माझा गुडघा त्यांनी दोनदा पास केलाय. मी अजून लंगडतो, तो भाग वेगळा.

त्यांच्या बायकोची, सुमनवहिनींची, बोटं रोज सकाळी आखडायची. वाटीसुद्धा धरवायची नाही. पण एक्स-रे स्वच्छ होता. भाऊंनी तो पास केला आणि तीन वर्षं त्यावरच अडून बसले. "मी सोता पाह्यला ना! हड्डी एकदम साफ हाये. तिले वहम झालाय." वहिनींनी दुखतं म्हणणंच सोडून दिलं.

शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंनी बोटांची सोनोग्राफी सांगितली. मीही सोबत गेलो. सोनोग्राफी पोटाचीच असते, असं मला वाटायचं. भाऊंनाही तेच वाटत असावं, कारण वाटभर ते वहिनींकडे जरा संशयानंच बघत होते.

बाईंनी वहिनींच्या बोटांवर यंत्र टेकवलं. करड्या पडद्यावर लाल ठिपके लुकलुकायला लागले.

"ये लाल क्या है, मॅडम? मशीन बिघडली?" भाऊंनी विचारलं.

"सूज आहे, बाबा. सूज असते तिथे रक्त जास्त धावतं. मशीन ते रंगात दाखवतं."

"पन एक्स-रे तं पास हाये!"

"एक्स-रेत हाडं दिसतात, ती अजून ठीक आहेत. सूज सांध्याच्या अस्तरात आहे. आता औषध घेतलं तर हाडंही वाचतील."

"म्हंजे दोन्ही खरं?" भाऊंनी मला विचारलं. मला काय कळतंय! मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच ठाऊक नाही.

मग भाऊंनी हट्टानं यंत्र स्वतःच्या हातावर ठेवायला लावलं. एकही लाल ठिपका नाही. कधी आपल्या हाताकडे, कधी वहिनींच्या हाताकडे बघत ते गोंधळून बसले.

"खरंच दुखत व्हतं तुले?"

"सांगत तं व्हते मी," वहिनी म्हणाल्या.

मला भाऊंचा राग आला आणि कीवही आली.

औषधं सुरू झाली. परवा सकाळी गेलो, तर वहिनी पाठमोऱ्या बसलेल्या आणि भाऊ त्यांची वेणी घालत होते. तीन पेडांचा हिशोब काही जमत नव्हता. वेणी तिसऱ्यांदा सोडली आणि कंगवा शोधायला वळता वळता त्यांनी विचारलं, "दुखलं का वं? दुखलं तं सांगजो."

"हो," वहिनी म्हणाल्या. "थोडं."

भाऊंचा हात तेव्हा केसांवर नव्हताही. तरी कंगवा शोधायचा सोडून ते लगेच थांबले.