दाजींच्या नावाची डबी

निवृत्ती पगारे यांनी पोस्टातून क्रीमची डबी घरी आणली आणि सरळ कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यांची बायको विमलाबाई बघतच राहिल्या. त्यांच्या गालावरच्या वांगासाठी त्यांच्या भावानं, गोरक्षनं, ती कुवेतहून पाठवली होती. पंधरा दिवसांवर सिन्नरला पुतणीचं लग्न होतं. मागच्या लग्नात एका जावेनं, गालाला काय लागलंय म्हणत, तो डाग चारचौघांत पदरानं पुसायला घेतला होता. ते विमलाबाई विसरल्या नव्हत्या.

घोटाळा गोरक्षचा. दाजींचा मान राखायला त्यानं पार्सलवर निवृत्तीरावांचं नाव घातलं. कस्टमनं ते अडवलं, निवृत्तीरावांनी तीन खेपा घातल्या आणि शेवटी त्यांच्याकडून लिहून घेतलं गेलं की वस्तू स्वतःच्या वापरासाठी आहे, दुसऱ्या कोणास देणार नाही. दुसरा कोणीही सही करून विसरला असता. पण हे अंबडच्या कारखान्यात स्टोअरकीपर. सहा वर्षांत घरी टाचणीसुद्धा आणली नव्हती. अशा माणसाशी संसार करणं सोपं नसतं.

"अहो, माझ्या भावानं माझ्यासाठी पाठवलीये."

"माहितीये मला. पण मी लिहून दिलंय."

"सरकार काय माझा गाल तपासायला येणारे?"

"सही माझी आहे, विमल."

दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी विमलाबाईंनी त्यांच्याकडून कपाटाची किल्ली घेतली आणि डबी काढून त्यांच्यापुढे आदळली. "मग लावा तुम्हीच. नाहीतर तेही खोटं लिहिल्यासारखं व्हायचं."

हे मात्र निवृत्तीरावांना पटलं. ते रोज सकाळी दाढी झाली की इमानदारीनं क्रीम लावू लागले. कारखान्यात फोरमननं, लग्न पुतणीचं आहे की तुमचं, असं विचारून घेतलं. आठवड्यात चेहरा असा तुकतुकीत झाला की शेजारच्या सुलाबाई विमलाबाईंनाच विचारायला आल्या, साहेब तोंडाला काय लावतात? सुलाबाई गेल्यावर विमलाबाईंनी डोळे पुसले. निवृत्तीरावांनी ते दारातून पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी चष्मा लावून लिहून दिलेल्या कागदाची नक्कल दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी गालावर चांगला बोटभर गोळा थापला आणि बायकोला हाक मारली.

"इकडे ये. दार लोटून घे."

"आता काय?"

"मी माझ्याच गालाला लावलंय. जरा जास्त झालंय. गाल कुठं घासायचा, त्याबद्दल कागदात काही नाही."

लग्नापर्यंत हा कार्यक्रम रोज चालला. वांग किती गेलं देव जाणे, पण सिन्नरला विमलाबाई अशा हसत वावरल्या की जावेचा हात पदराकडे गेलाच नाही.

महिन्याभरानं पोस्टमन कोंडाजी पुन्हा चिठ्ठी घेऊन आला. गोरक्षला चूक कळली होती. या खेपेला पार्सल विमलाबाईंच्याच नावावर होतं. आता कोणाला काही लिहून द्यायला नको, स्वतः या, सही करा आणि घेऊन जा, असं कोंडाजीनं समजावलं.

विमलाबाईंनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. आत निवृत्तीराव दाढी करत होते. त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं, "भाऊ, हे पार्सल ह्यांच्या नावावर करता येईल का?"