चिपला बारा दिवसांचं ऊन

विजेला विचार करायला शिकवण्याच्या मानवी खटपटीतलं एक मोठं पाऊल केज तालुक्यात, आमच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या ओट्यावर पडलं. तिथंच ते घसरलं. संस्थेचा सचिव मी, त्यामुळं सांगायलाही मलाच बसावं लागतंय.

ब्याण्णवचा उन्हाळा. गावात एक विहीर, पाच गल्ल्या. व्हॉल्व्हची चावी चेअरमन आप्पांच्या मेहुण्याकडं. शेवटच्या गल्लीतल्या तुळजाबाईंकडं पाणी पोचायच्या आत त्याला जेवणाची आठवण व्हायची. म्हणून मी बी.एस्सी.चं सगळं शिक्षण पणाला लावून पुण्याहून एक पेटी आणवली. तिच्यातली चिप प्रत्येक गल्लीला वीस मिनिटं देणार होती. चेअरमनच्या गल्लीलाही वीसच.

"आधी हे काम पंचवीस रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, मिळून करायचे," मी सभेत सांगितलं. "मग चिप आल्या, पण एकदा लिहिलं की संपलं. ही नव्या जातीची. पुसून पुन्हा लिहिता येते."

"पुसायची कशानं?" मोटारी दुरुस्त करणाऱ्या मैनुद्दीननं विचारलं.

"अतिनील किरणांनी."

सभेनं मान डोलावली. तुळजाबाई म्हणाल्या, "म्हंजी माज्या नळाला कुनाची वळख लागनार न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो.

उद्घाटनाला पुढारी येणार होते. संस्थेनं घेतलेली वस्तू, ट्रॅक्टर असो की वजनकाटा, तोवर हळदकुंकू वाहून ओट्यावर मांडायची आमची रीत. आप्पांनी पेटीतून चिप काढायला लावली. तिच्या पाठीवर कागदी पट्टी होती, पट्टीखाली इवलीशी काच.

"पट्टी काढा," आप्पा म्हणाले. "संस्थेनं काय आनलं ते लोकायला दिसू द्या."

मीच काढली. पुढाऱ्यांची तारीख तीनदा बदलली. बीडच्या मे महिन्यात चिप बारा दिवस ताटात, उघड्या ओट्यावर.

उद्घाटनाच्या दिवशी ती पेटीत बसवली. पुढाऱ्यांनी बटण दाबलं. एकही व्हॉल्व्ह उघडला नाही. पुढारी टाळ्यांची वाट बघत उभे.

मैनुद्दीन माझ्या कानाशी आला. "सायेब, ते किरण उन्हात बी असतेत काय?"

मी बी.एस्सी. आहे. असतात.

पुण्याला फोन केला. इंजिनिअरनं विचारलं, "काचेवरची पट्टी कुणी काढली?"

"संस्थेनं," मी म्हणालो.

चावी परत मेहुण्याकडं गेली. दोन दिवसांनी तुळजाबाई रिकामी घागर घेऊन ऑफिसात आल्या. "काय हो सचिव, तुमची चिप बी जेवाया गेली का?"

इंजिनिअर तीन आठवड्यांनी आला. त्यानं चिप नव्यानं लिहिली, पट्टी चिकटवली, पेटी बंद केली. पेटीनं पाचही गल्ल्यांना वीस-वीस मिनिटं दिली, सेकंदाचा फरक नाही.

विहीर चार दिवसांपूर्वी आटली होती.